अकरा नग, तक्रार नाही

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. फ्लेक्सचे फलक नवे आले होते, तेव्हाची गोष्ट. मी वसमत तालुक्यात फौजदार होतो.

खबऱ्याने सांगितले की, हट्टा गावातल्या एकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढाब्या-लॉजवरचे जुने निऑनचे फलक भरले आहेत. त्याच आठवड्यात एका ढाबेवाल्याने कोंबड्याच्या आकाराचा फलक चोरीला गेल्याची फिर्याद दिली होती. दोन पंच घेऊन गेलो. अकरा फलक मिळाले. सगळे पुसलेले, भिंतीला उभे टेकवलेले. फिर्यादीचा कोंबडा त्यातच होता.

"साहेब, हा कोंबडा ढाबेवाल्याच्या थोरल्या भावानं दिला मला. इचारा त्याला," शेडवाला म्हणाला.

"विचारू," म्हणालो आणि पंचनामा लिहायला घेतला.

हवालदार फलक जीपमध्ये एकावर एक रचू लागला. शेडवाल्याने हात जोडले. "काच हाय जमादार, उभेच न्या."

"काहून? पोरीचं रुखवत हाय का तुझ्या?" हवालदार म्हणाला. मीही हसलो. सुतळी आवळली, लेबले लावली, लाखेची सीलं केली.

ठाण्यात दोन दिवस चौकशी चालली.

"हे भंगार कशाला जमवतोस?"

"भंगार न्हाई साहेब. हैदराबादच्या कारखान्यात होतो मी. ह्यातल्या लई नळ्या मीच वाकवल्या, जाळावर धरून, तोंडानं फुंकून. आता लोक फेकून राहिले, म्हणून मागून आणतो."

खोटारडा म्हणून मी त्याच्या कानाखाली दिली. माझ्या वहीत कामे क्रमाने लिहिलेली असत: फिर्याद, पंचनामा, जप्ती, आरोपीचा जबाब. थोरला भाऊ त्याखाली होता.

तिसऱ्या दिवशी तो भाऊ स्वतःच आला. "मीच दिला साहेब. धाकट्यानं फिर्याद देताना मला इचारलं बी न्हाई."

मी तरी कुठे विचारले होते?

कोर्टाच्या आदेशाने मुद्देमाल परत केला. सीलं तोडली. फलकांचे पत्रे शाबूत होते, नळ्यांचा चुरा झाला होता. शेडवाल्याने अकराही फलक एकेक करून पाहिले. कोंबड्याच्या तुऱ्याचा बोटभर तुकडा उरला होता, तो रुमालात गुंडाळला.

"सही कुठं करू, साहेब?"

पावती मी आधीच लिहून ठेवली होती: 'अकरा नग मिळाले, तक्रार नाही.' त्याने सही केली.

पुढे नव्या फौजदारांना सांगत आलो की, आरोपी ज्याचे नाव घेतो त्याला आधी गाठा. हे कुठे शिकलो, ते कधी सांगितले नाही. माझी यादी त्या दिवशीही बरोबर जुळली होती. अकरा जप्त, अकरा परत.