गाठोडं पुढे गेलं

माझे सासरे लोकांना काशीहून सुखरूप घरी पाठवण्यात पटाईत आहेत. स्वतः घराबाहेर पडायची वेळ आली की मात्र त्यांचं काही खरं नसतं.

नाव यज्ञेश्वरशास्त्री, वय पंच्याहत्तर. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. संकठा घाटावरच्या गल्लीत आमचं घर. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, पिंडदानं नाना गेली पंचावन्न वर्षं करत आलेत. कोणाच्या पणजोबांचं नाव काय, कोणाला चहात साखर चालत नाही, कोणाची सून जिने चढू शकत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. यजमान परत निघाले की नाना त्यांना रिक्षा ठरवून देतात आणि "गाडीत बसलात की फोन करा" म्हणून तीनतीनदा बजावतात. स्वतः मात्र प्रयाग आणि गया सोडून कुठे गेलेले नाहीत. तेही यजमानांबरोबर, कामाला.

नाशिकला त्यांची मोठी बहीण आहे, प्रेमलाआक्का. माझ्या आणि सुमंतच्या लग्नाला ती काशीला आली होती, त्याला अकरा वर्षं झाली. आता तिचे गुडघे गेलेत, प्रवास होत नाही. आणि नाना तर तिच्या घराची पायरी कधी चढलेच नाहीत. तिच्या साठीला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. पंचाहत्तरीला तिकिटं काढली, मी बॅगा भरल्या, आणि निघायच्या दिवशी सकाळी नानांना पंचांगात काहीतरी सापडलं. भरलेल्या बॅगा रिकाम्या करण्याइतकं वाईट काम जगात दुसरं नाही. ती बॅग रिकामी करताना मी जे बोलले ते अजून गल्लीच्या आठवणीत आहे. मी मूळची साताऱ्याची, शाळेत गणित शिकवते. माझा आवाज मोठा आहे असं सुमंत म्हणतो. माझं म्हणणं, गल्ली अरुंद आहे.

यंदा आक्काचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. फोनवर ती नानांना म्हणाली, "यज्ञा, या वेळी नाही आलास तर पुढचं बोलावणं मी करीन असं नाही हं." नानांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सुमंतनं तिकिटं काढली, शुक्रवारी दुपारी एकच्या गाडीची. नानांनी ऐकताक्षणी मान हलवली. "शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ. आणि नाशिक कुठे? पश्चिमेला." मी तोंड उघडणार तेवढ्यात सुमंतनं माझ्या पायावर पाय दिला. पण नवल म्हणजे या वेळी नानांनीच तोड काढली. म्हणाले, "बुधवार चांगला आहे. बुधवारी प्रस्थान ठेवू."

ज्यांच्या घरी ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. जायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर चांगला दिवस पाहून आपलं एखादं गाठोडं आधीच घराबाहेर काढायचं आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या कोणाच्या तरी घरी ठेवायचं. म्हणजे शास्त्रानं तुम्ही त्याच दिवशी निघालात. मग प्रत्यक्ष जाताना ते गाठोडं उचलायचं आणि सरळ पुढे जायचं. एकदा उचललं की घरी परत फिरायचं नाही. आमच्या पश्चिमेला तीन गल्ल्या सोडून देवव्रतमास्तरांचं घर आहे. मास्तर संस्कृतचे निवृत्त शिक्षक, नानांचे लहानपणापासूनचे मित्र. बुधवारी सकाळी नानांनी धोतर, सुपारी, हळकुंड, अक्षता आणि कपाटाच्या तळातून काढलेलं कागदात गुंडाळलेलं काहीतरी, असं सगळं लाल पंच्यात बांधलं. आमची दोन मुलं, आठ वर्षांचा केयूर आणि पाच वर्षांची अवनी, पुढ्यात बसून बघत होती.

"आजोबा, हे तिकडे ठेवलं की काय होतं?" अवनीनं विचारलं.

"जे तिकडे ठेवलं ते निघालं. मग ते मागे येत नाही."

"पक्का?"

"एकदम पक्का," नाना म्हणाले आणि गाठोडं घेऊन मास्तरांकडे ठेवून आले.

गुरुवारी रात्री मी प्रवासासाठी दशम्या लाटता लाटता सुमंतजवळ मन मोकळं केलं. "बघ तू, उद्या सकाळी नाना चष्मा लावतील, पंचांग उघडतील आणि काहीतरी काढतील. ते पंचांग आणि तो चष्मा आहे तोवर आपण काही नाशिक बघत नाही." सुमंत नेहमीसारखा हूं म्हणाला. ओट्याखाली अवनी बाहुलीला जेवू घालत बसली होती, तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

शुक्रवारी नाना पहाटे गंगेवर स्नानाला गेले आणि तिथून दर्शनाला. मी मुलांना मास्तरांच्या घरी पिटाळलं. घराची दुसरी किल्ली आणि दुधाचं भांडं इंदूकाकूंकडे, म्हणजे मास्तरांच्या बायकोकडे द्यायचं होतं. मुलं गेली, आली. दहा वाजता नाना परतले आणि त्यांचा फोन वाजला. सोलापूरचे जुने यजमान उद्या सकाळी येत होते, अकरा माणसं, न कळवता.

नानांचा चेहरा बघून मला कळलं. असा चेहरा मी पंचाहत्तरीच्या वेळीही पाहिला होता. "चार पिढ्यांचं घर आहे ते," नाना पुटपुटले. "त्यांना दुसऱ्याच्या दारात कसं पाठवू? थांबा जरा, पंचांग बघतो."

फळीवर पंचांग नव्हतं. चष्माही नव्हता. आम्ही देवघर पाहिलं, गाद्या उलटल्या, केयूर पाण्याच्या टाकीतसुद्धा डोकावला. शेवटी माझी नजर अवनीवर गेली. ती बूट घालून, वेणी घालून, भिंतीला टेकून अगदी शहाण्यासारखी उभी होती. आमच्या घरात इतकं शहाणं कोणी असलं की समजावं.

"अवने, पंचांग कुठंय?"

"ते तर निघालं."

"कुठे निघालं?"

"नाशिकला. चष्मा पण. मी सकाळीच आजोबांच्या गाठोड्यात टाकलं." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मम्मीच म्हणत होती, ते घरात राहिलं तर आजोबा जाणार नाहीत."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. अकरा वर्षं मी नानांसमोर बोलायचं ते बोलले आहे, पण पाठीमागचं असं पुढ्यात आलं नव्हतं. नाना माझ्याकडे बघत राहिले. चष्मा नसल्यामुळे त्यांना मी कितपत दिसत होते कोण जाणे. मग म्हणाले, "ठीक आहे. मी तुमच्याबरोबर मास्तरांपर्यंत येतो. चष्मा काढून घेतो आणि परत येतो. तुम्ही जा नाशिकला, आक्काला सांगा."

आम्ही निघालो. सुमंतनं नानांचीही बॅग उचलली. "ती कशाला?" नानांनी विचारलं. "चुकून," सुमंत म्हणाला.

गल्लीच्या तोंडाशी माकडानं माझ्या हातातली दशम्यांची पिशवी ओढली आणि छपरावर जाऊन बसलं. रात्रभर लाटलेल्या दशम्या! नाना थबकले, अपशकुन म्हणायला त्यांचं तोंड उघडलं, तर केयूर ओरडला, "आजोबा, हनुमानजींनी नैवेद्य घेतला!" नानांनी छपराकडे बघून हात जोडले. दुसऱ्या वळणावर एक सांड आडवा बसला होता. त्याला उठवायची कोणाची छाती नव्हती, म्हणून बॅगा डोक्यावर घेऊन भिंतीला घासत एकेक जण पार झालो. त्यात सुमंतच्या बॅगेचं चाक निखळून त्या सांडाच्या शेपटीजवळच राहिलं, आणि आम्ही ते त्यालाच दिलं.

मास्तरांच्या दारात इंदूकाकू उभ्या. "अरे, हे तर अर्ध्या तासापूर्वीच गेले!"

"कुठे?"

"स्टेशनला. म्हणाले, चौकात जाम लागतो, यज्ञेश्वरला गाठोड्यासाठी इथवर वाकडं यायला नको, मीच पुढे पोचवतो. स्टेशन पण पश्चिमेलाच आहे म्हणे."

"फोन?"

"हा काय, इथे चार्जिंगला."

नाना पायरीवर बसले. चष्म्याशिवाय परत जाऊन यजमानांची वही वाचता येणार नव्हती. "स्टेशनपर्यंत येतो," ते म्हणाले. "चष्मा घेतो आणि तीच रिक्षा परत फिरवतो." अवनीनं लगेच त्यांचं बोट धरलं. ई-रिक्षात आम्ही पाच जण, चार बॅगा आणि तीन चाकं. वाटेत जाम लागला तो लागलाच. मी घड्याळ बघत होते आणि आयुष्यात प्रथमच नानांना काही बोलत नव्हते.

फलाटावर मास्तर बाकड्यावर बसले होते, मांडीवर लाल गाठोडं. गाडी लागलेली होती, सुटायला वीस मिनिटं होती. नानांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"मास्तर, तू गाठ सोड. चष्मा काढून दे मला."

"दुसऱ्याच्या प्रस्थानाची गाठ मी सोडू? शास्त्र तुलाच येतं काय रे?" मास्तरांनी गाठोडं बाकड्यावर ठेवलं. "तूच उचल."

"उचललं तर परत जाता येणार नाही."

"माहितीय मला. म्हणून तर आणलं इथवर."

नानांनी सोलापूरकरांचं सांगितलं. मास्तर म्हणाले, "मी उतरवून घेतो त्यांना. माझा सख्खा पुतण्या करेल सगळं, तुझ्याच हाताखाली शिकलाय तो. लोकांच्या गेलेल्या माणसांसाठी पंचावन्न वर्षं हजर राहिलास. तुझी बहीण आहे अजून. जा की तिच्याकडे!"

नाना बाकड्याच्या कडेला टेकले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "रुची, पंचांगाचं निमित्त असतं गं. मला भीती वाटते. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण कोणाची तरी शेवटची भेट सांगतो. मी गेलो नाही, तोवर आमची भेट व्हायची आहे. गेलो, भेटलो, की मग काय उरलं?"

मला रडू आलं. हा माणूस हट्टी आहे, यजमान सोडवत नाहीत याला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मी म्हटलं, "नाना, मग पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ. मी बॅगा भरीन. कुरकुर न करता." शेवटचे तीन शब्द ऐकून सुमंतनं माझ्याकडे चमकून पाहिलं.

इकडे अवनीची चुळबूळ चालली होती. "आजोबा, लवकर उचला ना. त्यात माझी गुड्डी पण आहे. तिचं पण प्रस्थान ठेवलं मी. तुम्ही नाही उचललं तर ती इथेच राहील."

नानांनी तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि गाठोडं उचललं. उचललं ते छातीशी धरून सरळ डब्यात चढले, मागे वळून न बघता. मास्तरांचा निरोपसुद्धा त्यांनी खिडकीतून घेतला. मास्तर खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "गाडीत बसलास की फोन कर."

"बसलोच आहे की!" नाना म्हणाले आणि दोघंही म्हातारे हसत सुटले.

गाडी निघाल्यावर गाठ सुटली. पंचांग निघालं, चष्मा निघाला. एक काडी वाकली होती. बाहुली निघाली, केयूरचा भोवरा निघाला, त्यानंही गुपचूप आपलं प्रस्थान ठेवलं होतं. आणि तळाशी तो कागद. त्यात तीन बनारसी साड्या होत्या. एक हिरवी, घडीवर पिवळी पडलेली. एक जांभळी. एक नवी कोरी, डाळिंबी.

"ही साठीची," नाना म्हणाले. "ही पंचाहत्तरीची. भावानं साडी बहिणीच्या दारात जाऊन द्यायची असते, म्हणून पाठवल्या नाहीत." मी हिरव्या साडीची पुन्हा नीट घडी घातली, पिवळी रेघ आत जाईल अशी. दशम्या नव्हत्याच, म्हणून सगळ्यांनी गाडीतली भजी खाल्ली. नानांनीही दोन खाल्ली आणि कोणाला सांगू नका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिक. आक्का दारातच खुर्ची टाकून बसली होती, सकाळपासून म्हणे. नाना पायरीशी थांबले. मग एक पायरी चढले, दुसरी चढले, आणि तिच्या पायाशी खाली बसून त्यांनी तिन्ही साड्या तिच्या मांडीवर ठेवल्या.

आक्कानं हिरव्या साडीच्या घडीवरून बोट फिरवलं. ती पिवळी रेघ मी लपवली होती, तिनं बरोबर उलगडून काढली.

"ही किती जुनी रे?"

"तुझ्या साठीची."

"मग इतका उशीर?"

"निघालो तर तेव्हाच होतो, आक्का," नाना म्हणाले. "पोचलो आज."