माझ्या अक्षरातले आकडे

सत्तरच्या दशकात वाशीमच्या कॉलेजात आम्ही दोघी मैत्रिणी सरांना एका प्रयोगात मदत करत होतो. साध्या अन्नावर वाढणाऱ्या जिवाणूंना एकदम सकस खुराक द्यायचा आणि दर दहा मिनिटांनी आरएनए किती वाढला, पेशी किती वाढल्या, ते मोजायचं. खुराक मिळताच जिवाणू आधी झपाट्यानं आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायचं सामान, तयार करतात. संख्या मागाहून वाढते. हे मला तोंडपाठ होतं.

आई आजारी म्हणून मी एक दिवस गावी, अनसिंगला गेले. "जाय बिनधास्त, मी मोजतो," मैत्रीण म्हणाली. परतल्यावर तिनं दिलेले आकडे मी वहीत सुवाच्य उतरवले. डोकं चालवलंच नाही, कारण ते तिचे होते.

सरांनी वही बघितली. "दोन्ही सोबत वाढले? आरएनए आधी वाढायला हवा. हे मोजलं, की बसल्याजागी लिहिलं?"

"सर, हिनंच लिहिलं," ती म्हणाली. अक्षर माझंच होतं. सरांनी माझं काही ऐकून घेतलं नाही.

बाहेर आल्यावर मी तिला अडवलं. "काहून खोटं बोलली वं?"

"तू हुशार हायेस. तुले सर पुन्हा चान्स देतीन. मले कोन देईन?"

सरांनी मला पुन्हा प्रयोगशाळेत घेतलं नाही. तिला ठेवलं. महिनाभरानं आमच्या होस्टेलच्या खोलीत तिची वही उघडी दिसली. तारीख आदल्या दिवसाची होती, आणि आदला अख्खा दिवस ती माझ्यासमोर खाटेवर लोळत होती.

या वेळी आरएनए बरोब्बर आधी वाढला होता.