जिन्याची खालची पायरी

"आमच्या जोड्यांवर ध्यान ठेव रे."

सरपंच जिना चढता चढता म्हणाले. मागं वळूनही बघितलं नाही. त्यांच्यामागून बाकीचे मेंबर वर गेले. मी खाली राहिलो, जोड्यांपाशी.

मेंबर मीही होतो. राखीव जागेवर निवडून आलेला. ताडकळसच्या अलीकडं आमचं गाव. पंचायत भरायची सरपंचांच्या माडीवर. जिना दगडी, अंधारा, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा अरुंद. माझा डावा पाय लहानपणीच्या तापात गेलेला. काठी टेकत सपाटीवर चालतो, जिना जमत नाही. कुणी हात दिला असता तर चढलोही असतो. पण बौद्धवाड्यातल्या माणसाला हात कोण लावणार? जागा भरायला मी त्यांना चालत होतो. वर बसायला नको होतो.

त्या दिवशी सरकारी हापसा कुठं बसवायचा ते ठरणार होतं. दुष्काळ नुकताच सरलेला. आमच्या बाया अजून नाल्यात झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. हापसा आमच्या वाड्यात पाहिजे, एवढंच मला बोलायचं होतं. वरून हसणं ऐकू यायचं, कपबशा वाजायच्या. शब्द एकही कळेना. भर उन्हात बसून मी त्यांचे जोडे राखले.

घरी आलो तर बाया दारात थांबलेल्या.

माय म्हणाली, "काय ठरलं रं?"

"ठावं न्हाई."

"मंग तू तिथं काय करायलतास?"

मला तोंड वर करता येईना. लाज वाटली. मग लाजेचा संताप झाला, आणि तो माझ्या पायावरचा नव्हता.

हापशाचं पुढच्या बैठकीवर ढकललं, हे दुसऱ्या दिवशी कोतवालाकडून कळलं. त्या बैठकीला मी सगळ्यांच्या आधी गेलो. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. काठी आडवी ठेवली.

सरपंच आले. "सरक."

"न्हाई सरकत. जायचं तर मला शिवून जावा."

कुणी पाऊल उचललं नाही. एका म्हाताऱ्या मेंबरानं धोतराचा सोगा वर धरला आणि तसाच उभा राहिला. ग्रामसेवक जमिनीकडं बघत होता. त्यांचाच विटाळ त्यांना आडवा आला होता.

शेवटी सरपंच म्हणाले, "आंथरा सतरंजी अंगणात. आजच्यापुरतं खाली बसू."

सगळे बसले तेव्हा मी उठलो. सतरंजीच्या कडेला जाऊन बसलो, शेजारचे सरकले, आणि मी हापशाचं बोललो. "बघू," सरपंच म्हणाले. हापसा त्याही दिवशी ठरला नाही. उठताना मीच तोंड उघडलं.

"आजच्यापुरतं न्हाई. शाळंची खोली सपाटीवर हाय, सरकारी हाय. पंचायत तिथं येईस्तोवर दर बैठकीला मी त्याच पायरीवर बसणार. आन् जोडे ज्याचे त्यानं राखायचे."