त्रेचाळीस वीरांची पंगत

ज्ञानदेव भुरुक यांनी चौतीस वर्षं सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयात वाढप्याचं काम केलं. वेल्ह्याकडच्या गावातून सतराव्या वर्षी ते पुण्यात आले तेव्हा त्यांच्याकडे पाण्याचा जग दिला होता. मग मिठाची वाटी, मग कोशिंबीर, मग भात, असं करत करत नोकरीच्या अकराव्या वर्षी तुपाचं भांडं हातात आलं. त्या कार्यालयात तूप सगळ्यांत शेवटी मिळायचं. ओळखीचा माणूस पानावर बसलेला दिसला की तुपाची धार आपोआप लांबते, असं मालकांचं म्हणणं होतं. ज्ञानदेवरावांची धार कधी लांबली नाही.

एका लग्नात तिसऱ्या पंगतीला जिलबी कमी पडणार हे त्यांना परातीकडे बघूनच कळलं. त्यांनी कुणाला विचारलं नाही. पहिल्या पानापासून जिलबी अर्धी मोडून वाढायला लागले. पहिल्या पानावर नवरदेवाचे मामा.

“अहो, आम्ही वरपक्षाकडचे,” मामा म्हणाले.

“हो ना. शेवटच्या पानावर तुमचे ड्रायव्हर बसलेत, तेही वरपक्षाकडचेच.”

पंगतीत एकाला जास्त आणि एकाला कमी वाढायचं नाही, आणि एकदा पानात पडलेलं परत उचलायचं नाही, ह्या दोन गोष्टींवर त्यांचा सगळा संसार उभा होता म्हटलं तरी चालेल. गुडघे गेल्यावर त्यांनी काम सोडलं. मुलगा विक्रम नोकरीनिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी, तेव्हा घरात ते, सून नम्रता आणि नात शेफाली. आमची दारं समोरासमोर आहेत.

ह्या मार्चमध्ये शेफालीची दहावीची परीक्षा होती. नम्रताने तिचा फोन काढून घेतला आणि सासऱ्यांच्या हातात दिला.

“बाबा, शेवटचा पेपर होईपर्यंत हा तिच्या हातात जाता कामा नये. ती रडेल. तुम्ही विरघळाल.”

“मी शब्द दिला म्हणजे दिला.”

“म्हणून तर तुमच्याकडे देतेय. विक्रमकडे दिला असता तर दोघं मिळून खेळले असते.”

फोनमध्ये एक खेळ होता. त्यात वीर गोळा करायचे, त्यांची शक्ती वाढवायची आणि लढाया करायच्या. शेफाली ह्या खेळातल्या तीस जणांच्या एका टोळीत होती. रोज हजेरी लावली नाही तर टोळीतून नाव जातं, आणि महिन्यातल्या एका रविवारी मोठी लढाई असते, तिच्यात ठरलेले गुण मिळाले नाहीत तरी नाव जातं. टोळीत जागा मिळायला तिला वर्ष लागलं होतं. ह्या महिन्याची लढाई नेमकी शेवटच्या पेपराच्या आदल्या दिवशी होती. तेव्हा शेफालीने आजोबांना वहीच्या पानावर तीन कामं लिहून दिली. रोज खेळ उघडून बक्षीस घ्या. दोन छोट्या लढाया करा. रविवारी पाच वाजता मोठ्या लढाईचं बटण दाबा, वीर आपले आपण लढतात. खाली लिहिलं होतं, “बाकी तुम्हाला हवं ते करा.”

फोनमधले शब्द इंग्रजी होते, म्हणून ज्ञानदेवराव दुपारी फोन घेऊन माझ्याकडे येऊ लागले. मी इयत्ता चौथीपर्यंत शिकवलं. माझ्या इंग्रजीला ह्या खेळातले निम्मे शब्द अनोळखी होते. एक पान उघडलं की त्यातून दुसरं उघडायचं, कुठून तरी सोन्याची पेटी उडत यायची, आणि मागे कसं जायचं ते दोघांनाही कळायचं नाही. एकदा आम्ही पाऊण तास एका बाजारात अडकून पडलो होतो. तिथला दाढीवाला आम्हाला काहीतरी विकत होता. काय विकत होता, ते शेवटपर्यंत समजलं नाही.

वीर मात्र त्यांना पाठ झाले. त्रेचाळीस होते. निळ्या केसांची धनुष्यवाली, ढालवाला, पांढऱ्या झग्यातली वैद्यीण, एक घुबड, एक कंदील धरलेला म्हातारा. चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं,

“बाई, प्रत्येकाच्या डोक्यावर हा लाल ठिपका कसला?”

मी एकावर बोट ठेवलं. वीर मोठा झाला आणि त्याच्याखाली हिरव्या बाटल्यांचं चित्र आलं. मी म्हटलं, “याला बहुतेक ही बाटली हवी आहे.”

“म्हणजे मागतायत. आणि आपण चार दिवस नुसतं बघतोय.”

बाटल्या अडीच हजारांवर होत्या. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते सकाळीच आले. चेहरा कार्य पार पडल्यासारखा. त्यांनी पहाटे उठून त्रेचाळीसही जणांना प्रत्येकी साठ बाटल्या दिल्या होत्या. घुबडापासून सुरुवात केली होती, कारण ते रांगेत शेवटी होतं आणि शेवटच्या पानाला नेहमी उशीर होतो.

“आता बघा, एकाच्याही डोक्यावर ठिपका नाही.”

खरंच नव्हता. मला ते सगळे जेवून बसल्यासारखे वाटले.

संध्याकाळी फोनवर निरोप आला. टोळीच्या प्रमुखाचा. प्रमुखाला सगळ्यांचे वीर दिसत असावेत. “शेफाली, काय केलंस हे? सगळ्या बाटल्या वाटून टाकल्यास? रविवारी काय घेऊन उतरणार?”

ज्ञानदेवरावांनी मला उत्तर लिहायला सांगितलं. “मी शेफालीचा आजोबा. आपण कोण?”

तिकडून नंबर मागितला गेला. मी तो कळवला, आणि दोन मिनिटांत फोन वाजला. पलीकडे पंचविशीतली मुलगी होती, चैताली नाव, चंद्रपूरची, हिंजवडीत नोकरीला.

“आजोबा, नमस्कार. मी टोळीची कॅप्टन बोलून राहिली. तुम्ही घाबरू नका हं. पण हे असं कोणी करत नाही.”

“असं म्हणजे कसं?”

“सगळ्यांना देणं. नवीन माणूस हीच चूक करते. पाच जण धरायचे, फक्त पाच. समोर मार खाणारा एक, बरं करणारी एक, मारणारे तीन. सगळं त्यांनाच द्यायचं. बाकीच्यांकडे बघायचंच नाही.”

“त्यांच्या डोक्यावर ठिपका असतो की.”

“ठिपका असू द्या ना! तो खेळ मुद्दाम लावते. आपण खर्च करावा म्हणून.”

ज्ञानदेवरावांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. “खोटं मागतात, म्हणतेय ही.”

शेफालीने त्या बाटल्या आठ महिने साठवल्या होत्या, चैताली सांगत होती. ह्याच लढाईसाठी, कारण ह्या महिन्याचे ठरलेले गुण नेहमीपेक्षा बरेच जास्त होते. निळ्या केसांच्या धनुष्यवालीला आणि आणखी चौघांना एकदम वर न्यायचं होतं. आता त्रेचाळीस जण सारखेच झाले होते, म्हणजे सारखेच कच्चे. ह्यांच्या जिवावर शेफालीला ठरलेले गुण मिळणं शक्य नव्हतं.

“मग तिचं नाव जाईल?”

“जाईल, आजोबा.”

“तुम्ही कॅप्टन ना? एकवार सोडता नाही येणार?”

“शेफालीला सोडलं तर बाकीचे म्हणतील, तिच्यासाठी वेगळा नियम का म्हणून?”

चैतालीचं म्हणणं ज्ञानदेवरावांना पटलं होतं, आणि तेच अडचणीचं होतं.

“पण उपाय आहे,” ती म्हणाली. “एकेका वीराचं पान उघडायचं, खाली गोल बाण आहे, तो दाबायचा. दिलेलं सगळं परत येते. वीर पुन्हा पहिल्यासारखा. मग ते पाच जणांना द्या, धनुष्यवालीला थोडं जास्त. आणि पाच जण मोठे झाले ना, की त्यांच्या जोरावर आणखी दहा जण आपोआप मोठे होते.”

“काही न खाता?”

“हो.”

“आणि उरलेले?”

“ते राहते तसेच.”

फोन ठेवल्यावर ते कितीतरी वेळ चटईवर बोट फिरवत बसले. मी म्हटलं, हा खेळ आहे, चित्रं आहेत.

“ते कळतंय हो मला. वेडा नाही झालो अजून. पण बाई, हात जाईना. पानातून उचलायचं म्हणजे... पाच जणांचं पोट भरल्यावर दहा जणांचं आपोआप भरतं, हे कुठल्या कार्यालयात बघितलंय तुम्ही?”

मी कुठेच बघितलं नव्हतं.

त्यांना आणखी एक काळजी होती. शेफालीला न सांगता तिच्या वस्तूंची पुन्हा उलथापालथ करणं बरं नव्हतं. आणि परीक्षेच्या मध्ये सांगायचं तर आधी नम्रताला विचारायला हवं होतं. त्यांनी तसंच केलं. नम्रता पोळ्या लाटत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे फोन मुलीच्या हातातून काढला आणि नाद सासऱ्यांना लागला.”

“नाद नाही गं. माझ्या हातून नुकसान झालंय तिचं.”

नम्रताने लाटणं ठेवलं. “उद्याचा पेपर होऊ द्या. मग पाच मिनिटं बोला. फोन मात्र तिच्या हातात द्यायचा नाही.”

शुक्रवारी पेपर देऊन शेफाली अडीचला आली. जेवण झाल्यावर त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं. काही झाकलं नाही. लाल ठिपक्याचंही सांगितलं. मी दाराशी उभी होते, कारण ठिपक्याचा अर्थ मीच लावला होता.

“सगळ्यांना?” शेफाली म्हणाली. “घुबडालासुद्धा?”

“त्याला पहिल्यांदा.”

“आजोबा, त्या घुबडाला कोणीच काही देत नाही! अख्ख्या खेळात कोणी देत नाही!”

“मला काय ठाऊक? बिचारं शेवटी बसलं होतं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ महिने, आठ महिने, असं ती दोनदा म्हणाली; बाटल्या कुणाला द्यायच्या ते ती शनिवारी सांगणार होती. मग नाक पुसलं. “कॅप्टन म्हणाली तसं करा. काढून घ्या सगळ्यांकडून.”

“तू काढ. तुझे वीर आहेत.”

शेफालीने हात पुढे केला. ज्ञानदेवरावांनी फोन उचलला, आणि तसाच धरून राहिले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. नम्रताला दिलेला शब्द होता. त्यांनी फोन खिशात घातला.

“नको. मीच करतो. तू अभ्यासाला बस.”

“आजोबा, नक्की कराल ना? मला दुसरं काही नको. टोळीतून नाव जायला नको फक्त.”

“केलं म्हणून समज.”

शनिवारी दुपारी ते आले ते सदरा बदलून, टोपी घालून. पहिला वीर उघडला. बाण सापडला. बोट त्याच्यावर नेलं आणि मागे घेतलं.

“बाई, याचं नाव काय लिहिलंय?”

मी वाचलं.

“तुम्ही नाव वाचा, मग मी उचलतो. न विचारता नको.”

अशी आम्ही त्रेचाळीस नावं वाचली. मी वाचायचे, ते मान थोडी खाली करायचे आणि बाण दाबायचे. मध्येच एका वीराने फोनमधून काहीतरी ओरडून म्हटलं, तेव्हा ते इतके दचकले की चष्मा पडला. “शिव्या देतोय का?” त्यांनी विचारलं. मला कळलं नव्हतं. बहुतेक लढाईची घोषणा असावी. कंदीलवाल्या म्हाताऱ्यापाशी ते थांबले, पाणी प्यायले, आणि मग त्याचंही घेतलं. सव्वा तास लागला.

पाच जणांना बाटल्या देताना मात्र त्यांची पद्धत सुटली नाही. अडीच हजार बाटल्या त्यांनी पाच जणांत काटेकोर सारख्या वाटल्या. मी म्हटलं, चैताली म्हणाली होती की धनुष्यवालीला जास्त द्या.

“पाच तर पाच. आता त्यांच्यात तरी डावं-उजवं नको.”

रविवारी मी त्यांच्याकडे गेले, आणि पाच वाजता त्यांनी बटण दाबलं. ढालवाला पडला, वैद्यीण बराच वेळ उभी होती, उजेड झाला, आकडे उडाले. जिंकतोय की हरतोय ते समजायला काही मार्ग नव्हता. ज्ञानदेवराव दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. मग पडदा स्थिर झाला आणि एक आकडा आला. तो चांगला की वाईट, तेही कळेना. आम्ही वाट बघत बसलो. शेफाली पलीकडच्या खोलीत भूगोल वाचत होती. मोठ्याने वाचत होती आणि मध्ये मध्ये गप्प होत होती.

सहाला चैतालीचा फोन आला.

“राहिली आजोबा तुमची शेफाली! काठावर, पण राहिली. धनुष्यवालीला थोडं जास्त दिलं असतं तर आरामात झालं असतं.”

ज्ञानदेवरावांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, “राहिलीस गं!” आतून किंचाळी आली, तिच्यामागून नम्रताचं “भूगोल!” आलं.

मग ते फोनमध्ये म्हणाले, “सगळेच राहिले ना?”

“नाही. दोघं गेले यावेळी. एक सोलापूरचे घड्याळवाले आहेत, आणि एक नाशिकची मुलगी.”

“त्यांना कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय, आजोबा? आपोआप कळते. नाव दिसत नाही यादीत.”

“पण कुणी काही बोललं नाही त्यांच्याशी?”

“नाही बा. असं कोणी बोलत नाही.”

फोन ठेवल्यावर त्यांनी दोन्ही नावं मला शोधून काढायला सांगितली. निरोप पाठवता येत होता. मी विचारलं, काय लिहू? त्यांना सुचेना. “वाईट वाटलं” नको म्हणाले, आपण त्यांना ओळखत नाही. “माफ करा” नको, आपण काढलं नाही. दोन-तीनदा त्यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली.

“लिहा,” शेवटी म्हणाले, “पुढच्या पंगतीला अवश्य या.”

मी दोघांनाही तसंच लिहिलं. त्या टोळीत पुढची पंगत असते की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही नाही. नाशिकच्या मुलीचं उत्तर आलं नाही. सोलापूरच्या घड्याळवाल्यांचं अर्ध्या तासाने आलं. नुसतं एक प्रश्नचिन्ह.

ज्ञानदेवरावांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

“बाई,” ते म्हणाले, “येतो म्हणतायत का?”