रजिया मॅडम ग्रंथपाल होत्या

मी खोटं बोललो होतो.

आज पहाटे पुसदला रजिया मॅडम वारल्या. त्या असताना हे लिहायची हिंमत झाली नाही.

आमच्या खाजगी कृषी कॉलेजची लायब्ररी त्या एकट्या चालवायच्या. एम.लिब., फर्स्ट क्लास.

ऑर्डर मात्र 'लायब्ररी अटेंडंट'ची. पगारही तोच.

युनिव्हर्सिटीची कमिटी आली की कागदावर 'क्वालिफाइड ग्रंथपाल'. कमिटीची गाडी गेटबाहेर पडली की परत अटेंडंट.

बोंडअळीचं वर्ष होतं. जिकडे तिकडे फवारणी. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील फवारता फवारता कपाशीच्या पऱ्हाटीतच चक्कर येऊन पडले. डॉक्टर विचारत होते, औषध कोणतं?

पोरीनं दवाखान्यातून मॅडमना फोन लावला. बाटलीवरचं नाव एकेक अक्षर वाचलं.

मॅडमनी नेमकं पुस्तक काढलं. विष कोणत्या प्रकारचं, त्यावर उतारा काय, सगळं फोनवरच डॉक्टरांना वाचून दाखवलं.

माणूस वाचला.

पेपरात फोटो आला संस्थेच्या अध्यक्षांचा.

तेव्हा कुठे मॅडमनी अर्ज केला. काम ग्रंथपालाचं करते, ऑर्डर आणि पगारही ग्रंथपालाचा द्या.

चौकशीला युनिव्हर्सिटीचे साहेब येणार होते. मॅडम स्टाफरूममध्ये आल्या.

"सर, तुमी तं रोज पाहता. खरं सांगसान ना?"

"हो मॅडम. काळजी कायले करता?"

चौकशीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझं परमनंट व्हायचं बाकी होतं. त्यांनी फक्त तेवढी आठवण करून दिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "लायब्ररी कोण बघतं?"

मी म्हणालो, "तसं ऑफिसच बघतं. या मदत करतात."

मॅडम समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अर्ज फेटाळला. मॅडमनी नोकरी सोडली.

मी परमनंट झालो.

पुढे कधीतरी बाजारात दिसल्या. मी मान खाली घालून सटकत होतो, त्यांनीच हाक मारली.

"सर, नोकरीचं भेव होतं तुमाले. समजते मले. पण आदल्या दिवशीच सांगून देलं असतं, तं मी साक्षीले दुसरं कोणी पाह्यलं असतं. टाइम होता ना माह्याजवळ."

 

आज दुपारी कब्रस्तानात मागे उभा होतो. त्यांच्या भाच्यानं विचारलं, "आप कौन?"

"सोबत नोकरीला होतो," म्हणालो.

त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणे, बरं झालं आलात.

मॅडम, माफी मागत नाही. तेवढं तोंड उरलं नाही.

अखेरचा सलाम.