तिचा चाकू मी घासून टाकला

जुने घडीचे चाकू जमा करायचा नाद मले लग्नाच्या आधीपासूनचा. शिंगाच्या मुठीचे, पितळी टोपीचे, खटका दाबला की पातं उघडणारे, भेटेल तसे. लढाईच्या सालात नवा विलायती चाकू बाजारात दिसे ना, तेव्हा जुन्याचं अप्रूप आणखीच वाढलं. या नादात माझे जोडीदार दोघं. एक बांगड्या विकणारा मण्यार, त्याले मी मियाभाई म्हणे. दुसरा टपालाची थैली वाहता वाहता म्हातारा झालेला डाकवाला. आसेगावच्या बाजारात मियाभाईचं दुकान लिंबाखाली लागे. दुपारी बाया पांगल्या की आमी तिघं आपापलं चाकूंचं फडकं सोडून बसायचो.

आमच्या बैठकीची एक रीत होती. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, त्यानं भांडण लागते म्हणतात. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. मग ज्याचा चाकू त्यानं त्याची हकिकत सांगायची. हकिकत खोटीच राहे, अन् बाकीच्या दोघांनी ती फाडायची. डाकवाल्याचे सगळे चाकू एकाच मेलेल्या साहेबाचे. मियाभाई त्याले म्हणे, "चाचा, तुया साहेब शिकारीले येये का भाजी चिराले?" मग डाकवाला मियाभाईच्या चाकूले नावं ठेवी, की याची धार पाहून लोणीही हासते. असं संध्याकाळपावेतो चाले.

बायकोले हा नाद पसंत नव्हता, पण ती भांडली नाही. एक दिवस तिनं माझ्या डब्यातला हरणाच्या शिंगाचा चाकू उचलला. म्हणाली, डबाभर लोखंड निजून राह्यलं, एक तरी कामाले लागू दे. तेव्हापासून तो तिचा. वावरात कांदा त्यानंच चिरे, कैरी त्यानंच कापे. माझ्या पायात काटा मोडला तर त्याच्याच टोकानं काढे अन् वरून मलेच शिव्या दे. ती डावखुरी होती. पातं एका अंगानं काळं पडत गेलं, मुठीपाशी कमी, टोकाकडे जास्त. ती धुवे, पण घासे ना. मी घासायले मागितला तर द्यायची नाही.

ती तापानं गेली. सवाशीण गेली म्हणून हिरव्या बांगड्या लागल्या, त्या मियाभाईच घेऊन आला. सालोसाल त्यानंच तिच्या हातात बांगड्या भरल्या होत्या. त्या दिवशी आत बाया भरत होत्या अन् तो अंगणात तोंड फिरवून उभा होता.

तेरवी झाली. पुढच्या बाजारी मी आसेगावले गेलो. घर खायले उठते म्हणून चाललो, असं सुनेले सांगितलं. खरं तर मले जावंसंच वाटत होतं. तिचा चाकू हरपू नये म्हणून मी तो डब्यात टाकून ठेवला होता. बैठकीले जायचं म्हणजे चाकू चमकवून न्यायचे, नाहीतर जोडीदार जीव घेत. सकाळी डबा ओतला, चिंच घेतली, विटकरीची भुकटी घेतली अन् एकेक घासत गेलो. त्यात तिचाही आला. हातात कोणता आहे ते मले कळत होतं. तरी हात थांबला नाही. पातं आरशावाणी निघालं तेव्हा मले बरं वाटलं, चांगला निघाला म्हणून. लाज नंतरची आहे.

लिंबाखाली फडकं सोडलं तर डाकवाल्याची नजर पहिले त्याच्यावरच गेली. कुठून आणला म्हणे. मी तोंड उघडलं अन् नेहमीसारखा सुरू झालो. एका मडमेचा आहे म्हणालो, डाकबंगल्यात उतरली होती, साहेबावर रागावली अन् चाकू विहिरीत फेकला. डाकवाला म्हणाला, साहेबालेच फेकलं असतं तर घड्याळ भी भेटलं असतं तुले. मी हासलो. ती गेल्यावर पहिल्यांदाच, डोळ्यांत पाणी येईपावेतो हासलो.

मियाभाई हासला नाही. त्यानं खालचा चाकू उचलला, बंद केला, उघडला, मूठ डाव्या हातात धरून पाह्यली.

"हा भाभीचा व्हय ना?"

मी मान हालवली.

"मंग मडमेचा कायले म्हनतं?"

डाकवाला आपलं फडकं गुंडाळायले लागला. मियाभाई हळू बोलला, "दुकानात आली का बांगड्याच्या जुडीची सुतळी याच चाकूनं कापे. पात्याचा रंग काया होता. काहून घासला?"

"घासतच असतो आपण, म्हणून घासला," मी म्हणालो.

घरी येऊन मी तो पुन्हा काळा करायले बसलो. नवं लोखंड जुनं कसं दाखवायचं ते आमाले येते. कैऱ्या आणल्या, पातं रसात बुडवून ठेवलं, कांद्यानं चोळलं. काळा झाला, पण सगळीकडून सारखा. मुठीपाशी कमी, टोकाकडे जास्त, असा काही होईना. मी कैरी तिच्यासारखी डाव्या हातानं कापून पाह्यली. बोट कापलं. सून धावत आली अन् काय करून राह्यले मामाजी, म्हणून रागावली.

मियाभाईले नेऊन दाखवला. त्यानं उन्हात फिरवून पाह्यला.

"झाला काया," म्हणाला. "पन भाभीचा नाई झाला. आता घरात कामाले लाव याले, इथं आणू नको."

ते माझ्यानं झालं नाही. चाकू चुलीजवळच्या कोनाड्यात आहे. सुनेनं भाजीले मागितला, तर मी तिले विळीनं चीर म्हणालो. बैठकीत अजूनही जातो अन् हासतोही. हासलो की मियाभाई माझ्याकडे पाहते, असं मले वाटते. तो बिचारा आपल्या बांगड्या पुसत असते.