खाली बघणारे दिवे

शिळफाट्यावरच्या वायरिंगवाल्या दादांचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे. घरातला पहिला पदवीधर मी. पण धुक्याच्या धास्तीने घाटावरच्या शाळेतली नोकरी नाकारायला निघालो होतो.

दादांनी माझ्या मोटारसायकलला दोन पिवळे दिवे बसवले. प्रत्येक जोड ओढून बघताना ते वायरीलाच दटावत, "सुटशील काय गं?" मग मला समोर उकिडवं बसवून त्यांनी दिवे लावले. माझे डोळे दिपले.

"मास्तर, समोरच्याला पन घरी जायाचं हाय," म्हणत त्यांनी दिवे खाली झुकवले. तोवर मला कुणी मास्तर म्हटलं नव्हतं.

वर्षभराने मी त्यांना पत्र धाडलं: "दादा, नोकरी टिकली. धुक्यात रस्ता दिसतो, आणि समोरून येणारा कुणी शिव्या देत नाही. तुमचा, मास्तर."